बंदूक जुनी, काडतूस नवे

शस्त्रपरवान्याच्या कारभारात एक विचित्र न्याय चालत आला आहे : बंदूक शंभर वर्षांपूर्वीची असली तरी ती धड आहे, हाच तिचा अपराध. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम ४५ कालबाह्य बनावटीच्या वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट देते; पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, या अटीवर. म्हणजे पणजोबांकडून आलेली मार्टिनी-हेन्री परवान्याविना जपायची, तर आधी ती कायमची निकामी करायची. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावर दोनच बंदुकांची मर्यादा घातली आणि ती वारशालाही लागू केली. जतनाच्या नावाने चाललेला हा विध्वंस आहे.

मुळात धोका कशात आहे? ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनीचे काडतूस हौशी नेमबाज आज बहुधा हातानेच भरतो. पितळी पुंगळी साच्यात दाबून तिला मान काढायची, टोपी बसवायची, काळी दारू मोजून घालायची आणि वर कागदात गुंडाळलेली सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी ठेवायची. दारू काळीच हवी. आधुनिक निर्धूर दारूच्या दाबाने जुनी बंदूक फुटू शकते. इतके सायास केल्यावाचून ती बंदूक म्हणजे भिंतीवरचे लोखंड होय. नियंत्रण हवे ते काडतुसावर.

ज्या देशाची ही बंदूक, तेथील रीत पाहा. १९६८ चा ब्रिटिश कायदा केवळ शोभेची वा कुतूहलाची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुराण्या बंदुकीस, ती चालू असली तरी, सूट देतो. झाडायची म्हटली की परवाना हवा, काळ्या दारूला वेगळा दाखला हवा.

कोणी म्हणेल, या सवलतीचा गैरफायदा घेतला गेलाच. खरे आहे. ग्लॉस्टरशायरमधील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याने जुन्या रिव्हॉल्व्हरांसाठी काडतुसे भरून ती गुन्हेगारांपर्यंत पोहोचवली. २०१७ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. पण तो सापडला कसा? गुन्ह्यांत वापरलेल्या काडतुसांवर त्याच्याच अवजारांच्या खुणा होत्या. सरकारनेही नेमका बोध घेतला. २०२१ च्या नियमांनी काडतुसांचे सात प्रकार सवलतीतून वगळले. मार्टिनीचे काडतूस सवलतीतच राहिले.

आपल्याकडे साधनांची वाण नाही. आपल्या अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. विनापरवाना निर्मितीस २०१९ पासून किमान सात वर्षांचा कारावास आहे. काडतुसावर एवढे भक्कम कुलूप असताना बंदुकीच्याही नळीत भोक पाडण्याचा आग्रह कशासाठी? लांब लष्करी बंदुकीची छायाचित्रासह नोंद करावी आणि ती अखंड ठेवू द्यावी. काडतूस भरण्याची मुभा मात्र नेमबाजी संस्थेच्या परवानाधारक सदस्यालाच, तीही मोजून, असावी.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, याच काळ्या दारूच्या युगातला. त्या युगाच्या वस्तू लंडनमधील घरांत अखंड आणि आपल्या घरांत निकामी, ही विसंगती आपल्याच नियमांनी आणली आहे. शस्त्रे हा संघसूचीतील विषय असल्याने राज्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. कलम ४५ मधील ती एक अट बदलण्याचे काम केंद्रीय गृह मंत्रालयाचे आहे आणि ते त्याने हाती घ्यावे.