खिडकीला काच कोणती लावावी?

गेल्या पंधरवड्यात आमचे धाकटे भावजी नव्या घराचा नकाशा घेऊन ओसरीवर येऊन बसले. सोबत पुण्याला इंजिनियरिंग शिकणारा पुतण्या. उसाचे बिल हाती आलेले, जोते भरून झालेले, आणि आता खिडक्यांचा विचार चाललेला. पुतण्या म्हणाला, "काकू, आता रंग बदलणाऱ्या काचा निघाल्यात. बटण दाबले की काच गडद होते, ऊन आत येत नाही. पडदासुद्धा नको."

भावजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचे घर बांधून तीन वर्षे झाली. तुम्हीच सांगा."

सांगण्यासारखे माझ्यापाशी होते, वाचकहो, कारण खिडकीने आम्हाला एकदा चांगलीच अद्दल घडवली आहे.

आमचे जुने घर माळवदाचे. दोन हात जाडीच्या भिंती, लहान खिडक्या, लाकडी झडपा. ते पाडून आम्ही स्लॅबचे घर बांधले. रस्ता पश्चिमेला, म्हणून बाहेरच्या खोलीला त्याच बाजूने सहा फूट बाय चार फूट सरकत्या काचेची खिडकी बसवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला घर शहरातल्यासारखे दिसावे, एवढाच हेतू. पहिल्याच उन्हाळ्यात, एप्रिलच्या एका दुपारी, सासूबाई त्या खोलीत खाटेवर पडल्या होत्या. मी रानातून आले तो त्यांचे अंग तव्यासारखे तापलेले, डोके दुखत होते, उलटी झाली होती आणि बोलणे असंबद्ध. ओल्या फडक्याने अंग पुसत त्यांना दवाखान्यात नेले, सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "आजी उन्हात गेल्या होत्या का?" मी म्हटले, "नाही हो, घरातच होत्या." ते म्हणाले, "मग ऊनच घरात आले असणार."

ते अगदी खरे होते. आपल्या सोलापूरकडे उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॉटइतके ऊन पडते. साधी पांढरी काच त्यातला दहापैकी आठ वाटे आत सोडते. आमची खिडकी सव्वादोन चौरस मीटरची. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी हजार वॉटची विजेची शेगडी रोज दुपारी पेटत होती! आत आलेल्या उन्हाने भिंती, फरशी, खाट तापते, आणि त्यांची धग मात्र काचेतून सहजी बाहेर जात नाही. ज्यांच्याकडे पॉलिहाऊस आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता पुतण्याच्या काचेविषयी. ती थाप नाही. अशा काचेवर टंगस्टन ऑक्साइडसारख्या पदार्थांचे अतिशय पातळ थर असतात. थोड्या व्होल्टची वीज दिली की लिथियमचे सूक्ष्म कण एका थरातून दुसऱ्यात जातात आणि काच निळसर गडद होते. उलटी वीज दिली की पुन्हा स्वच्छ. वीज लागते ती मुख्यत्वे रंग बदलताना, आणि तीही थोडीच. मोठी काच पूर्ण गडद व्हायला काही मिनिटे घेते. बोईंग ७८७ विमानात खिडकीला झडप नसते, बटणाने काच गडद करतात, ती याच जातीची.

मात्र 'स्मार्ट काच' या एकाच नावाखाली निरनिराळे माल विकले जातात, हे ध्यानात ठेवा. बटण दाबताच क्षणात दुधी होणारी किंवा स्वच्छ होणारी काच ही आडोशासाठी असते. ती उजेड विखुरते, पण उष्णता फारशी अडवत नाही. शिवाय ती स्वच्छ ठेवायला सतत वीज लागते. वीज गेली की काच दुधी. गरमीसाठी म्हणून कोणी ती गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका.

काळा कागद चिकटवणे हा स्वस्त उपाय अनेकजण करतात. त्याने चकाकी कमी होते, पण गडद कागद ऊन शोषून घेतो, काच तापते आणि धग आत येतेच. काचेचा अर्धा भाग सावलीत व अर्धा उन्हात असेल तर ती कधी तडकतेही. हिवाळ्यात खोली अंधारते ते वेगळेच. त्यापेक्षा ऊन परतवणारा लेप असलेली काच बरी. दुकानदाराला विचारा, "हिचा एसएचजीसी किती?" हा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान असतो. साध्या काचेचा ०.८ च्या वर, उष्णता रोखणाऱ्या चांगल्या काचेचा ०.३ च्या आसपास. आकडा जितका कमी तितके ऊन कमी. आकडा सांगता येत नसेल, तर नुसत्या रंगावर पैसे टाकू नका.

हे सारे ऐकून पुतण्या म्हणाला, "मग काकू, माझीच काच सर्वांत चांगली ठरली की!"

मी त्याला विचारले, "बाळा, तुझ्या घरी एसी बसणार आहे का?"

"नाही."

"मग वाऱ्यासाठी खिडकी उघडणार. खिडकी उघडली की काच बाजूला सरली. मग तिचा रंग काय कामाचा?"

तो हसला. पण खरी मेख इथेच आहे. रंग बदलणारी काच शोभते ती दिवसभर बंद राहणाऱ्या, एसीवर चालणाऱ्या कचेरीला. तिची किंमत साध्या काचेच्या कितीतरी पट, बसवायला जाणकार माणूस हवा, आणि पोराचा चेंडू किंवा माकडाने टाकलेला दगड लागला तर तालुक्याला ती मिळणार नाही. किंमत ऐकून भावजी म्हणाले, "एवढ्यात माझ्या दोन एकरांचे ठिबक होईल."

मग करावे काय? आम्ही जे केले ते क्रमाने सांगते.

पहिले, ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा उन्हाला घरात घेऊन मग थांबवतो. आम्ही खिडकीबाहेर वीतभर अंतर सोडून बांबूची चीक टांगली. चीक नसेल तर रोपवाटिकेची हिरवी जाळी चालते. मधुमालतीचा किंवा दोडक्याचा वेलही चढवता येतो.

दुसरे, दिशा ओळखा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, आणि हिवाळ्यात खाली कललेले ऊन छज्जाखालून हवे तेव्हा घरात येते. पश्चिमेला मात्र चार वाजता ऊन आडवे येते, तिथे छज्जाचा उपयोग थोडा. नवे घर बांधणाऱ्यांनी पश्चिमेला मोठी खिडकी ठेवूच नये. उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात.

तिसरे, खिडकी उघडणारी हवी. सरकती खिडकी बहुधा अर्धीच उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी जी संहिता काढली, तिच्यात उघडणाऱ्या भागाचे प्रमाण दिले आहे. उष्ण कोरड्या हवेत जमिनीच्या क्षेत्राच्या निदान दहावा हिस्सा, कोकणासारख्या दमट हवेत सहावा हिस्सा. दहा बाय बाराच्या खोलीला आपल्याकडे बारा चौरस फूट उघडी जागा हवी. दुपारी झडपा बंद, दिवस मावळला की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. डासांसाठी जाळी बसवा.

चौथे, स्लॅब विसरू नका. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा सर्वांत जास्त तापते ते छत. शिमग्यानंतर स्लॅबवर दाट चुन्याचे दोन हात द्या. पावसाने तो उतरतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. तेलंगणाने तर २०२३ साली पांढऱ्या, थंड छतांसाठी खास धोरणच आखले.

एवढे करून आमची बाहेरची खोली राहण्याजोगी झाली. माळवदासारखी गार मात्र झाली नाही, हे कबूल करते. सासूबाई अजून दुपारी स्वयंपाकघरालगतच्या उत्तरेच्या खोलीतच आडव्या होतात. "ती खिडकी मला नको," म्हणतात, आणि मी त्यांना आग्रह करत नाही.

भावजींनी नकाशावर पेन्सिल फिरवली. पश्चिमेची खिडकी पुसून तिथे वर एक लहान झरोका ठेवला. जुन्या घरातून निघालेल्या सागवानी झडपा आमच्या गोठ्यात पडून होत्या, त्या ते बैलगाडीत घालून घेऊन गेले.

तुमच्या घरी पश्चिमेला काच असेल तर येत्या उन्हाळ्यात दुपारी चार वाजता तिच्यापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. आणि घरातली म्हातारी माणसे, तान्ही बाळे त्या वेळी कुठे निजतात, तेही पाहा.