चाक कोण धरून ठेवतं?

ही गोष्ट आहे ९ ऑगस्ट १९८७ची. हंगेरीत, बुडापेस्टजवळच्या हंगेरोरिंगवर फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत रंगली होती. एकूण फेऱ्या ७६. इंग्लंडचा नायजेल मॅन्सेल सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढे. जेमतेम सहा फेऱ्या उरल्या आणि त्याच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाचा नट निघून गेला! मॅन्सेलला गाडी बाजूला घ्यावी लागली आणि त्याच्याच संघाचा नेल्सन पिके शर्यत जिंकला. त्या वर्षी जगज्जेताही पिकेच झाला. इंजिन ठणठणीत, चालवणारा पट्टीचा, पण दगा दिला तो एका नटानं!

त्या गाड्यांच्या प्रत्येक चाकाला एकच मोठा नट असतो. रस्त्यावरच्या गाड्यांना बहुधा चार किंवा पाच असतात. आज आपण अशीच एक छोटी स्पोर्ट्‌स कार घेऊ : जपानच्या माझ्दा कंपनीची मियाटा. १९८९ साली ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी तयार झाली. हौशी मंडळी तिला शर्यतीच्या ट्रॅकवरही पळवतात. पहिल्या मियाटाच्या प्रत्येक चाकाला चार नट.

नट ज्यावर बसतो, तो आट्यांचा दांडा म्हणजे स्टड. चाकामागे जो फिरणारा लोखंडी भाग असतो, त्याला म्हणतात हब. स्टड हबमध्ये मागच्या बाजूनं घट्ट ठोकून बसवलेला असतो. त्याच्या डोक्याजवळ बारीक दाते असतात. ते हबच्या भोकात रुतून बसतात, म्हणून नट फिरवला तरी स्टड जागेवरून हलत नाही.

आता सांगा बरं, गाडीचं वजन कोण पेलतं? तुम्ही म्हणाल, हे चार स्टड! पण गंमत तिथेच आहे. नट आवळला की स्टड अगदी सूक्ष्म असा ताणला जातो, एखाद्या कडक स्प्रिंगसारखा. तो परत आखडू पाहतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. चाक जागेवर राहतं ते मुख्यतः या दाबातून होणाऱ्या घर्षणामुळे. मियाटाचा नट सुमारे १०० न्यूटन-मीटर जोरानं आवळतात. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगल्यासारखं. एवढ्याशा जोरातून एकेक नट जवळजवळ चार टनांचा दाब देतो! चार नटांचा मिळून झाला सोळा टन. आणि सगळ्या गाडीचं वजन? सुमारे एक टन.

मग स्टड बदलावा का लागतो? कुणी हवेच्या मशीननं नट वाजवीपेक्षा जास्त आवळला, तर स्टड कायमचा लांबतो आणि त्याची स्प्रिंग मरते. कुणी तिरका नट जबरदस्तीनं फिरवला, तर आटे जातात. ट्रॅकवरच्या गाडीची चाकं पुन्हा पुन्हा काढली-घातली जातात, ब्रेकही तापतात. म्हणून ही मंडळी स्टड वेळोवेळी तपासतात आणि बदलतात. एक स्टड तुटला, तर शेजारच्यांवर जादा ताण पडलेला असतो. तेव्हा त्यांच्याकडेही संशयानंच पाहायचं!

बदलायचं कसं? गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम स्टँड लावतात. चाक, ब्रेकचं कॅलिपर आणि डिस्क काढतात. जुना स्टड पुढून ठोकून मागे काढतात. नवा मागून घालून पुढून वॉशर लावतात आणि एक जुना नट आवळत त्याला हळूहळू आत ओढून घेतात. प्रेस मशीन असेल तर काम आणखी सरळ होतं. स्टडचं डोकं हबला पूर्ण टेकलंच पाहिजे. थोडी फट राहिली, तर पुढे तो आत सरकतो आणि नट ढिला पडतो.

आता नटाची निवड. इथं तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, आटे जुळतात का? मियाटाचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा, आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर. निसान आणि सुबारूच्या बऱ्याच गाड्यांत जाडी तीच, पण अंतर १.२५. डोळ्यांना फरक कळत नाही. नट एक-दोन वेढे जातो आणि अडकतो. तिथं जोर केला की आटे गेलेच!

दुसरा, नटाचं बूड कसं आहे? काहींचं निमुळतं, काहींचं चेंडूसारखं गोल, काहींचं सपाट. चाकाच्या भोकाचा आकार जसा, तसंच बूड हवं. नाहीतर नट नुसत्या कडेवर टेकतो आणि सुटतो. लक्षात ठेवा : आटे स्टड ठरवतो, बूड चाक ठरवतं.

तिसरा, नट कशाचा? ॲल्युमिनियमचे रंगीत नट हलके आणि देखणे असतात, पण मऊ. सारखी काढघाल होणार असेल तर पोलादच बरं.

शिवाय नट किमान स्टडच्या जाडीइतका आत जायला हवा. १२ भागिले १.५, म्हणजे पूर्ण आठ वेढे. ते मोजता येतात!

नट आधी हातानं लावायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं द्यायचा. आट्यांना तेल मात्र लावायचं नाही. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. आणि ८०-१०० किलोमीटर गाडी चालल्यावर जोर पुन्हा तपासायचा.

हे काम मोठ्यांचं आणि मेकॅनिकचंच बरं का! पण प्रवासाला निघण्यापूर्वी चाकाचे नट मोजणं हे काम तुमचं. स्टेपनी नुकतीच बदलली असेल, तर "नट पुन्हा आवळून घेतले का?" असं आईबाबांना जरूर विचारा.

करून पाहा : कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि उभ्या बाजूपासून पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी कड पेन्सिलीवर चढत जाईल. झाले की आटे तयार! आटा म्हणजे गुंडाळलेला चढ. आता सांगा, घाटातला रस्ता वळणं घेत का चढतो?