भिंती चकाकल्या, शब्द हरवले

आमच्या बीड जिल्ह्यात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असे गाव सहसा सापडायचे नाही. अलीकडे लोकवर्गणीतून गावोगावी सभामंडपही उभे राहिले. खाली ग्रॅनाइट, भिंतींना चकचकीत टाइल्स, वरच्या भागाला ऑइलपेंट. पाहून डोळे निवतात. पण कीर्तनाला बसले की महाराजांचा आवाज येतो, शब्द कळत नाही. मग मागून कोणीतरी ओरडतो, "आवाज वाढवा!" पुढच्या वर्षी आणखी मोठे बॉक्स येतात आणि शब्द आणखीच बुडतात.

माझे स्पष्ट मत आहे की दोष बॉक्सचा नाही, भिंतीचा आहे.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंतीवर आदळला की थोडा मुरतो, उरलेला परततो. पॉलिश केलेला दगड शंभरातले जेमतेम एक-दोन भाग मुरवतो. त्यामुळे पहिला शब्द विरण्याआधीच पुढचे शब्द त्यावर येऊन पडतात. आवाज वाढवला तर नव्या शब्दाबरोबर जुन्याचे घुमणेही तेवढेच वाढते. मग हाती काय लागले?

खरे तर चकाकी हा डोळ्यांचा विषय. कानाला महत्त्व छिद्रांचे. गोधडी, घोंगडी, जाड पडदा यांच्या बारीक छिद्रांत हवा शिरते, घासते आणि आवाजाची शक्ती उष्णतेत विरते. छिद्रे असलेल्या भिंतीवरही ऑइलपेंटचे हात दिले की ती बुजतात.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात हेच दुखणे होते. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या. जसजशा गाद्या वाढल्या तसतसे घुमणे कमी झाले, आणि ते त्याने मोजून ठेवले. सभागृहांचे ध्वनिशास्त्र तिथून सुरू झाले.

कीर्तनात शब्द हेच सर्वस्व. आमच्या वयाच्या माणसांना आधीच कमी ऐकू येते. त्यांनी काय नुसती मान डोलवायची? मागच्या भिंतीला जाड पडदे, खाली सतरंज्या, एका मोठ्या बॉक्सऐवजी खांबाखांबावर छोटे स्पीकर आणि आवाज बेताचा, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

यंदा वर्गणी मागायला मुले आली की माझे पैसे पडद्यांसाठीच देणार आहे. तुमच्या गावी काय परिस्थिती आहे, जरूर कळवा.