मोठा टीव्ही घेताय? आधी ‘मोशन’ समजून घ्या



या वेळी पर्युषणातला स्वयंपाक नाही आणि सुनेचं कौतुकही नाही. टीव्हीबद्दल लिहिणार आहे. ‘तुला त्यातलं काय कळतं?’ असं आमच्या घरातही विचारून झालंय, म्हणून तर लिहिते.

माझ्या सासूबाई ८९ वर्षांच्या. आमच्या पाटोद्याहून कुंथलगिरी जवळ, एके काळी त्या डोंगर भराभर चढायच्या. आता उंबरठा ओलांडणंही जड जातं. दर्शन, प्रवचन, सगळं टीव्हीवरच. जुना ३२ इंची टीव्ही त्यांना नीट दिसेना. पुण्याहून मुलगा म्हणाला, “आई, आजीसाठी घेताय तर चांगला घ्या.” त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलेला. मूळ किंमत लाख रुपये असेल, तर दहा हजार सरळ वाचले. बी.कॉम. झालेल्या बाईला एवढं कारण पुरतं. बीडला जाऊन ५५ इंची ओएलईडी टीव्ही आणला. निवड माझी होती, हे आधीच सांगून ठेवते.

दुकानात काय लावून ठेवतात, तुम्ही पाहिलंच असेल. निळा समुद्र, रंगीत पोपट, कापलेलं कलिंगड. सगळं लोण्यासारखं सरकत असतं. भुललेच मी.

पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंसाठी श्रवणबेळगोळचा २०१८चा महामस्तकाभिषेक लावला. तेव्हा त्यांना जाता आलं नव्हतं, त्यामुळे ते रेकॉर्डिंग त्यांनी कितीतरी वेळा पाहिलंय. ५७ फुटी बाहुबलींच्या मस्तकावरून दुधाची धार सुटली आणि काहीतरी बिनसलंय हे मलाही दिसलं. धार मध्येच तुटायची. कडेला जाळीसारखं लुकलुकायचं. दूध ओघळायच्या ऐवजी चिकट काही घरंगळतंय असं वाटायचं. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “हे दूध वाटत नाही गं मला. जुनाच टीव्ही लाव.”

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सव्वा लाख पाण्यात, आणि तेही माझ्यामुळे! दुकानात फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, “काकू, नवीन टीव्ही असाच दिसतो, डोळ्यांना सवय होईल.” एकोणनव्वदाव्या वर्षी कुणाच्या डोळ्यांना नवी सवय लागते, हे त्याला विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

टीव्ही खराब नव्हता. तो जास्तीचा शहाणपणा करत होता.

सिनेमा म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं, हे आपल्याला माहीत असतं. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा. बोलपट आल्यावर आवाज बिघडू नये म्हणून वेग ठरवून टाकला, सेकंदाला २४ चित्रं. आजही सिनेमे साधारण याच हिशोबाने निघतात. आपल्याकडे टीव्हीचा हिशोब २५चा. आता माझ्या टीव्हीचा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो. मग सिनेमाच्या २४ चित्रांत १२० घरं भरायची कशी? एक सरळ मार्ग आहे : प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवा. चोवीस पंचे विसाशे, हिशोब चोख.

दुसरा मार्ग टीव्ही स्वतःच्या डोक्याने काढतो. दोन चित्रांच्या मध्ये काय घडलं असेल याचा अंदाज बांधून तो नवीन चित्रं तयार करतो आणि मध्ये घुसवतो. हे पूर्ण जोरात लावलं, तर १२० पैकी खरी फक्त २४ आणि ९६ टीव्हीने भरलेली. आमच्या अकाउंटन्सीच्या सरांनी व्हाउचर नसलेली एक नोंद पाहिली तरी वही फेकली असती, इथे तर ९६ नोंदी!

चालणारा माणूस, धावणारी गाडी असली की हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. पाणी, धूर, दूध आलं की फसतो, कारण धारेचा कुठला थेंब पुढच्या चित्रात कुठे गेला ते त्याला ओळखता येत नाही. म्हणून तर आमचं दूध बिघडलं. सिनेमाचं आणखी एक नुकसान होतं. स्टुडिओतल्या मालिका व्हिडिओवर सेकंदाला जास्त वेळा टिपलेल्या असायच्या, म्हणून त्यांची हालचाल गुळगुळीत. सिनेमा तसा गुळगुळीत केला की तोही मालिकेसारखा दिसतो. मी प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ लावून पाहिला. माणसं नाटकाच्या तालमीला उभी आहेत असं वाटलं.

ही तक्रार फक्त पाटोद्याची नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकॲरी यांनी व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली होती, की आमचे सिनेमे बघताना हे सेटिंग बंद करा. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ आणला. त्यात ही भर घालणं बंद असतं. पण तो मोड आपण शोधून लावायचा. माझं भांडण इथेच आहे. चित्रात स्वतःची भर घालणारी गोष्ट बंद ठेवून द्यावी, ज्याला हवी तो चालू करील. भाजीत मीठ वाढवायचं तर आपण आधी पाहुण्याला विचारतो की नाही?

हे सेटिंग ‘पिक्चर’च्या मेनूत खूप आत असतं, आणि प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. बऱ्याच टीव्हींत ते प्रत्येक मोडसाठी आणि प्रत्येक जोडणीसाठी वेगळं बदलावं लागतं. म्हणजे सेट-टॉप बॉक्सवर बंद केलं, तरी यूट्यूबवर चालू राहू शकतं. माझी अर्धी दुपार त्यात गेली.

पण ‘सगळं बंद करा’ हा टॉमभाऊंचा सल्ला मी जसाच्या तसा घेतला नाही. ओएलईडीचा पडदा क्षणात चित्र बदलतो, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की २४ चित्रांचे धक्के डोळ्यांना जास्त जाणवतात. ह्यांना ते सोसेना. सिनेमासाठी दहापैकी दोनवर ठेवलं, दोघांचंही भागलं. क्रिकेटचं थेट प्रक्षेपण मुळात सेकंदाला ५० वेळा टिपलेलं असतं, त्याला भर फारशी लागत नाही. आणि तिथेच एक ‘ब्लॅक फ्रेम’चा पर्याय दिसेल, तो चित्रांच्या मध्ये काळोख घालतो. हालचाल स्पष्ट होते, पण चित्र मंद होतं आणि लुकलुकतं. माझं डोकं दुखलं.

अभिषेकासाठी मात्र पूर्ण बंद केलं आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सासूबाईंनी हात जोडले. ह्यांनी विचारलं, “आई, आता बरोबर आहे ना?” त्यांनी उत्तर दिलं नाही. दूध संपून केशराची धार सुरू झाली होती.

घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘मूळ पॅनेल ६० हर्ट्झचं की १२०चं’ एवढंच विचारा. ६०ला २४ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असा लंगडा हिशोब करावा लागतो. तरी रोजच्या बातम्या आणि मालिका एवढंच बघायचं असेल, तर ६० पुष्कळ झालं, वरचे पैसे घालू नका. पेनड्राइव्हवर आपल्या घरातलं, नेहमी बघता ते रेकॉर्डिंग न्या. रिमोट मागून घ्या आणि मोशन बंद करून तेच पुन्हा बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या, पैसे आपले आहेत.

मी आता रिमोटच्या पाठीला कागद चिकटवलाय : आईंचं बंद, सिनेमा दोन. नातू दिवाळीत आला होता, त्याने खाली पेन्सिलीने ‘गेम मोड’ असं लिहून ठेवलंय. त्याचा अभ्यास अजून व्हायचाय.