'घरचीच' पोळी, पण कुणाच्या हातची?

पाडवा जवळ आला की आमच्या शिरूरमध्ये दोन गोष्टी होतात. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतू लागतात, आणि पुण्या-मुंबईच्या लेकरांचे फोन सुरू होतात, "आई, पुरणपोळी घरचीच हं!" ऐकून बरं वाटतं. पण मंडळी, या 'घरचीच' शब्दाबद्दल मला जरा बोलायचं आहे.

पुरणाचा स्वयंपाक म्हणजे काय, हे खाणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, कट वेगळा काढायचा, डाळीच्या बरोबरीनं गूळ घालून आटवायचं. गूळ विरघळला की सगळं पातळ होतं. मग उलथनं उभं राहीपर्यंत हात थांबवता येत नाही, नाहीतर खाली लागतं. गरम असतानाच वाटायचं, गार झालं की पुरणयंत्र फिरत नाही. कणीक आधीच सैल मळून तेल लावून तिंबायची. शिवाय कटाची आमटी, भजी, कुरडया, भात. पंधरा माणसांना दोन-दोन म्हटलं तरी तीस पोळ्या, त्याही एकेक करून भाजायच्या. चैत्राच्या उन्हात!

आणि हे सगळं करणारी पंगतीला शेवटी बसते. तोवर आमटी तळाला गेलेली असते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. हा रोजचा हिशेब झाला. सणाचं मी काय सांगू? सासूबाई पाट्यावर पुरण वाटायच्या. मी शाळा सांभाळून यंत्रावर वाटलं. यंत्र आलं, गॅस आला, मिक्सर आला, पण ओट्यापाशी उभी असलेली बाईच राहिली.

कुणी म्हणेल, विकतच्या पोळीला घरची चव नाही. खरं आहे, बहुतेक वेळा नसतेच. पण पापडाचं आठवा. एके काळी पापड विकत आणणं कमीपणाचं वाटायचं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच पुढे 'लिज्जत' झालं. आज विकतचा पापड ताटात आला म्हणून कुणाचा सण बुडत नाही. उलट त्या लाटण्याचे बायकांना पैसे मिळतात. आमच्याकडेही ओळखीच्या बायका ऑर्डर घेऊन पोळ्या करून देतात. त्यांच्याकडून घेतल्या तर त्यांच्या घरातही पाडवा गोड होतो. त्यात लाजायचं काय?

तरीही घरचीच हवी असेल तर माझं सरळ म्हणणं आहे. आदल्या दिवशी या. लेकानं पुरण आटवावं, नातवानं यंत्र फिरवावं, सुनेनं लाटली तर लेकानं भाजावी. जावयाला कसं सांगायचं, असं मैत्रिणी विचारतात. अहो, अधिक महिन्यात त्याचा मान ठेवून धोंड्याचं जेवण घालतोच की आपण! पाडव्याला त्यानं चार पोळ्या भाजल्या तर तो मान काही कमी होत नाही. पहिली फाटेल, दुसरी करपेल. तीही तूप घालून खाऊ.

हे जमणार नसेल तर पोळ्या मागवा आणि सगळे एकाच पंगतीला बसा. मला तर असंही वाटतं की विकतच्या पोळीचं ते जेवण, एकटीनं राबून केलेल्या घरच्या जेवणापेक्षा जास्त सणाचं असेल.

पटतंय का? नसेल पटत तर जरूर भांडा. फक्त भांडण्याआधी एकदा किलोभर डाळीचं पुरण स्वतः वाटून बघा.