लिहायचं कुणाच्या परवानगीनं?

मैत्रिणींनो, "हल्ली वाचतं कोण? मग लिहिता कशाला?" हे मला आता सभेत, एसटीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकवलं जातं. पुरुष लेखकालाही ऐकवत असतील. पण त्याला विचारताना आवाजात काळजी असते, मला विचारताना सुटकेचा निःश्वास!

गेल्या वर्षी एका प्रकाशकाकडे हस्तलिखित घेऊन गेले. वस्तीतल्या पाण्याच्या रांगेवरचं लेखन होतं. दोन पानं चाळून त्यांनी विचारलं, "फॉलोअर किती? शंभर प्रती तुम्ही घ्याल ना? मोबाइलवर बोलतानाचे छोटे व्हिडिओ करून द्याल?" म्हणजे लिहायचं मी, विकायचं मी आणि नीटनेटकं दिसायचंही मीच. विकण्याची मला लाज नाही. आपल्या आयाआज्या टोपली घेऊन बाजारात बसतच आल्या. पण जिच्याकडे शंभर प्रतींचे पैसे नाहीत, जिचा चेहरा दिसला तर नवरा माग काढत येईल, तिनं काय करायचं? अट सगळ्यांना सारखीच असते म्हणे. मग नेमक्या याच बायका कशा गळतात?

आणि बाईच्या लेखनाला मागणी होती कधी? १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली आणि साऱ्या बाईजातीवर तोंडसुख घेतलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापून उत्तर दिलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टीका झाली, जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. खपाच्या हिशेबात बसवायचं तर ताराबाईंनी लिहायलाच नको होतं.

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळत लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. तेही वीसेक वर्षं. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं १९८६ मध्ये. छापण्याची खात्री तर सोडाच, वही सापडू नये हीच धास्ती. तरी त्या लिहीत राहिल्या, कारण त्यांनी लिहिलं नसतं तर महारवाड्यातल्या बायकांचं जिणं दुसऱ्याच कुणाच्या शब्दांत उरलं असतं, किंवा उरलंच नसतं.

आपण न लिहिल्यानं कागद कोरा राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोलीस पंचनामा लिहितो, वकील अर्ज लिहितो, सासर "स्टोव्हचा भडका उडाला" असं लिहून देतं.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्या संघटनांमध्येही बाई येते, तासभर बोलते आणि अहवालात तिची 'केस क्रमांक अमुक' होते. चार ओळी, एक तक्ता. अनुदान देणाऱ्याला तसंच हवं असतं, हे मला कळतं. पण प्रकाशकाच्या अटीवर संतापायचं आणि अनुदानाच्या अटीपुढे मान तुकवायची, हे मला पटत नाही. अहवाल जाऊ दे त्यांच्याकडे. या अंकाची चार पानं मात्र दर वेळी राखून ठेवा, आणि तिथे तिचंच लेखन येऊ द्या. नाव हवं तर बदला. भाषा सुधारायला मात्र कुणी बसू नका.