राखणदारच घर पोखरतात तेव्हा

बाळाचा पापा घेतला की ओठांना खारट लागते, ही गोष्ट बहुतेक आया हसून सोडून देतात. पण त्याच बाळाला वरचेवर न्यूमोनिया होत असेल, भरपूर दूध पिऊनही वजन वाढत नसेल, शी तेलकट आणि उग्र वासाची होत असेल, तर ती डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाची ही खूण असू शकते. हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी आपल्याकडे बरीच वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात तो भारतातही आहे. मात्र कधी दमा, कधी क्षय समजून भलतेच उपचार चालू राहतात.

याचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. १९८९ साली ते सापडले. त्यात दोष असला की पेशींतून मिठाची ये-जा बिघडते. घाम खारट होतो, श्वासनलिकांतला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात.

जंतूंशी लढायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांचे एक हत्यार म्हणजे इलास्टेज हे विकर. एरवी त्याला आवर घालणारी द्रव्ये फुफ्फुसात असतात. इथे मात्र पेशींची फौजच एवढी मोठी असते, की ती द्रव्ये अपुरी पडतात. मग इलास्टेज श्वासनलिकांचे लवचीक तंतूच विरघळवू लागते. मेलेल्या पेशींतला डीएनए कफात मिसळून तो आणखी घट्ट होतो. नलिका कायमच्या फुगून सैल पडतात. यालाच ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात.

आईवडिलांचा प्रश्न एकच असतो : पुढे काय? नळीत फुंकण्याची तपासणी तान्ह्या बाळाला जमत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी अशा १२७ बालकांची फुफ्फुसे दुर्बिणीतून थोड्या सलाइनने धुऊन ते पाणी तपासले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिसऱ्या महिन्यातच ज्यांच्या पाण्यात इलास्टेज सापडले, त्यांच्या नलिका तीन वर्षांच्या आत खराब होण्याचा संभव बराच जास्त होता. यांतली पुष्कळ बाळे वरून ठणठणीत दिसत होती!

म्हणून ही काही कुंडली नव्हे. ती शक्यता सांगते, भविष्य नाही. शिवाय ही तपासणी भूल देऊन करावी लागते, तेव्हा तिचा हट्ट धरू नये. रक्तातले सीआरपी छातीचा विकार उफाळल्यावर वाढते खरे, पण ते नॉर्मल आले म्हणून फुफ्फुस शांत आहे असे समजू नये. वाट न पाहता रोजची छातीची फिजिओथेरपी, वेळच्या वेळी अँटिबायोटिक्स आणि पोषण यांवर भर द्यावा, हा खरा अर्थ. २०१२ नंतर मूळ दोषावरच काम करणारी औषधे आली आहेत. पण त्यांची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे.

निदानाची पहिली पायरी मात्र सोपी आहे. हातावर औषध लावून, सौम्य वीजप्रवाहाने घाम आणतात आणि त्यातले क्लोराइड मोजतात. सुई टोचावी लागत नाही. आकडा ६० किंवा जास्त आला, तर रोगाची दाट शक्यता असते. मग भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा धोका चारात एक असतो.